चाकांवरचा तंबू

दिवाळी होऊन आठवडा गेला की वसईत एक दिवस असा उजाडतो, की हवा बदलल्याचं अंगालाच कळतं. आमच्या सोसायटीतले आकाशकंदील एव्हाना उतरलेले असतात, आणि गिरीजच्या रस्त्याला घरोघरी ओट्यावर बांबूच्या कामट्या तासून नाताळचे तारे बांधायला घेतलेले असतात. मधले हे दोन-तीन आठवडे कुठल्याच सणाचे नसतात. सकाळी केळीच्या पानांवरून दव टपटपतं, दुपारचं ऊन अजून चावतं, आणि संध्याकाळी वाड्यांमधून पालापाचोळा जाळल्याचा धूर निघतो तो वर न जाता जमिनीलगतच रेंगाळतो. बाजारात वालाच्या कोवळ्या शेंगा आणि कोनफळं दिसायला लागतात. लोक शेंगा आणि कंद मडक्यात शिजवून उकडहंडी करायचे बेत आखतात.

सगळ्यांना या दिवसांत उत्साह येतो. मला येत नाही.

काल गिरीजहून रेजिनाचा फोन आला. "तंबू काढलाय ऊन द्यायला. एका कोपऱ्याला उसवलंय. येशील ना?" मी हो म्हटलं, जाड सुया आणि मेणाचा तुकडा पिशवीत टाकला आणि पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. चार वर्षं झाली त्या मोसमाला. तरी तंबूचं नाव निघालं की मला आधी आमच्या जिन्यावरचा तो आवाज ऐकू येतो.

टक. मग पाय ओढल्यासारखं काहीतरी. मग पुन्हा टक.

रविवारची दुपार होती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. मी मशीनवर कुणाच्या तरी ब्लाउजला हुकपट्टी लावत होते. माझा नवरा दिनेश पेपर वाचत होता. आवाज पहिल्या मजल्यावर पोचला तेव्हा त्याने पेपर खाली ठेवला.

"पास्कल आहे," तो म्हणाला.

पण उठला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून दाराकडे बघत बसला, दवाखान्याबाहेर रिपोर्टची वाट बघत माणसं बसतात तसा.

पास्कल आणि दिनेश बारा वर्षं जोडीने कामाला होते. कामणला गोदामांच्या बाजूला एक फॅब्रिकेशनचा गाळा होता, तिथे पास्कल फिटर आणि दिनेश वेल्डर. एकाने लोखंड मापात कापून जुळवायचं, दुसऱ्याने जोडायचं. डबाही एकत्रच. पास्कलची बायको रेजिना बोंबलाची चटणी द्यायची, ती निम्मी माझ्या घरी पोचायची. त्या दुपारच्या आधी दीड वर्ष, एका गोदामात ते लोखंडी माळा बसवत होते. जिना संपतो तिथे माळ्याच्या तोंडाशी बाहेर निघालेला छोटा सज्जा होता. त्याच्या खालच्या आधाराला दिनेशने संध्याकाळी फक्त टॅक मारले होते. टॅक म्हणजे वेल्डिंगमधला कच्चा टाका. आम्ही शिवणयंत्रावर घालण्याआधी कापड टाचून घेतो, तसे लोखंड जागेवर राहावं म्हणून दोन-चार ठिपके द्यायचे आणि मग पक्की शिवण घालायची. ती उद्या घालू, म्हणून दिनेश निघाला. एरवी अर्धवट राहिलेल्या सांध्याभोवती तो खडूने गोल काढून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्याला कळावं. त्या दिवशी गोलही राहिला. सकाळी तो पोचायच्या आत पास्कल माप घ्यायला वर चढला, सज्ज्यावर उभा राहिला आणि सज्ज्यासकट खाली आला.

ऑपरेशन करून पायात सळ्या बसवल्या. पाय वाचला, पण उजवा गुडघा वाकायचा थांबला.

दिनेशने काही लपवलं नाही. मालकाला, पोलिसांना, रेजिनाला, सगळ्यांना त्याने एकच सांगितलं, टॅकच होते, चूक माझी. फक्त त्या संध्याकाळी तो लवकर का निघाला, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. ते मला माहीत होतं. मी त्याला तीन वेळा फोन केला होता. आम्हाला फ्रिज घ्यायला जायचं होतं. जुना देऊन नवा घ्यायची योजना त्या दिवशी संपत होती आणि दुकान आठला बंद होणार होतं. तिसऱ्या फोनवर मी म्हणाले होते, "तुझं काम कधी संपतच नाही."

तो फ्रिज आमच्या स्वयंपाकघरात आहे. दिवसातून वीसदा मी त्याचं दार उघडते.

अपघातानंतर महिनाभर दिनेश रोज हॉस्पिटलात जात होता. एके दिवशी रेजिना वॉर्डच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही आता येत जाऊ नका." तो परत आला तो वेल्डिंग सोडूनच. आपलं छोटं मशीन गोणपाटात बांधून त्याने पलंगाखाली ढकललं आणि एका गोदामाच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांची नोंद ठेवायचं काम धरलं. घरात कुकरची शिटी झाली तरी तो दचकायचा.

आणि आता पास्कल जिना चढत होता. दार मीच उघडलं. तो घामाने भिजला होता. कुबडी भिंतीला टेकवून, वाकत नसलेला पाय पुढे ताठ पसरून तो खुर्चीत बसला, पाणी प्यायला, आणि खिशातून वहीचा चार घड्या घातलेला कागद काढून त्याने टीपॉयवर उलगडला. पेन्सिलने काढलेलं चित्र होतं. दोन चाकांची ट्रॉली, तिच्या दोन्ही बाजूंना पंखांसारख्या उघडलेल्या फळ्या आणि वर तंबू.

"हे मला बनवून दे," तो दिनेशला म्हणाला.

"मी ते काम सोडलंय."

"माहीत आहे. म्हणून वर आलो. खालून हाक मारली असती तर खिडकीतूनच नाही म्हणाला असतास."

दिनेशने कागद हातात घेतला नाही. पण नजर त्यावरच होती. पास्कलला तंबूचं वेड होतं हे आम्हाला ठाऊक होतं. दरवर्षी नाताळ झाला की तो आणि रेजिना मोटरसायकलवर तंबू बांधून निघायचे, कधी जव्हारच्या बाजूला, कधी नुसतं कळंबच्या सुरूच्या बनात. आता जमिनीवर झोपलं की त्याला उठता येत नव्हतं. एकदा प्रयत्न करून बघितला होता. सकाळी त्याला उभं करायला चार माणसं बोलवावी लागली होती.

"बेड खुर्चीच्या उंचीला पाहिजे," तो चित्रावर बोट ठेवत म्हणाला. "आणि चाकांवर पाहिजे. भावाच्या जीपला लावली की निघालो. ट्रॉली आहे आमच्याकडे, बाबांच्या वेळची. कागदपत्रांचं मी बघतो. तू लोखंडाचं बघ."

"ही फळी," दिनेश म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "ही बाहेर लटकणार."

"हो."

"आणि तू तिच्यावर झोपणार."

"हो," पास्कल म्हणाला. "मी तिच्यावर झोपणार."

शेवटी दिनेशने तो कागद उचलला. मी चहा ठेवला. दुधासाठी पुन्हा त्याच फ्रिजचं दार उघडलं.

---

गिरीजला पास्कलच्या वाडीत शिरलं की एकदम दोन डिग्री गार वाटतं. केळी, नारळ, मधून मधून भाजीचे वाफे, पाटाचं पाणी. त्या सगळ्या हिरव्यात, विहिरीच्या मागे, ती ट्रॉली पडली होती, गंजून लाल झालेली, एका चाकाला वेल चढलेला. पास्कलचे वडील तिच्यातून भाजी बाजारात न्यायचे. पास्कलने वेल स्वतः तोडला.

रेजिनाने चहा आणून दिला, पण दिनेशकडे बघितलं नाही. कप त्याच्या हातात न देता शेजारच्या दगडावर ठेवला. घरात ते आपसांत त्यांच्या बोलीत बोलत होते. आमच्याशी बोलताना रेजिना शाळेचं मराठी बोलायची, आणि त्या दिवशी ती आमच्याशी फारसं बोललीच नाही.

पलंगाखालून काढून आणलेलं मशीन दिनेशने जोडलं. होल्डरमध्ये रॉड लावला, काच डोळ्यांपुढे धरली आणि पहिला स्पर्श केला. रॉड चिकटला. त्याने झटका देऊन सोडवला. पुन्हा लावला, पुन्हा चिकटला. ज्या माणसाने आयुष्यभर हे काम डोळे मिटून केलं होतं, त्याला नुकत्याच शिकू लागलेल्या पोरासारखा रॉड पुन्हा पुन्हा सोडवावा लागत होता. रेजिना ओट्यावर उभी राहून बघत होती. पास्कल समोर खुर्चीवर बसून लोखंड धरून होता, हातात चामड्याचे मोजे घालून. त्याने धीर दिला नाही, थट्टाही केली नाही. फक्त लोखंड हलू दिलं नाही. सहाव्यांदा की सातव्यांदा ठिणगी धरली आणि तो निळसर उजेड वाडीतल्या केळीच्या बुंध्यांवर पडला.

मग दर शनिवार-रविवारी आम्ही जायला लागलो. गंजलेले पत्रे निघाले, नवा दांडा बसला, चाकांना नवे बेअरिंग आले. दोन्ही पंखांसाठी चौकोनी पाइपची चौकट झाली, त्यावर फळी आली. प्रत्येक पंख बिजागऱ्यांवर बाहेर उघडायचा आणि त्याला खालून दोन तिरके टेकू लागायचे. काम थांबवताना दिनेश प्रत्येक अपुऱ्या सांध्याभोवती खडूचा गोल काढायचा. मग ट्रॉलीभोवती फेरी मारायचा, मोजायचा. मग पुन्हा एक फेरी. रिक्षात बसल्यावर म्हणायचा, "अकरा होते ना? तू मोजलेस?" मी मोजलेले असायचे.

तंबू शिवायचं काम माझं होतं. तो जाड कॅनव्हास माझ्या घरच्या मशीनवर जाईना, सुया मोडल्या. शेवटी रिक्षांची सीटकव्हरं शिवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचं मशीन दोन शनिवार मागून आणलं आणि रेजिनाच्या ओट्यावर मांडलं. कापड इतकं जड होतं की एकीने ओढायचं आणि दुसरीने मशीन चालवायचं, असं दोघींना मिळूनच करावं लागलं. रेजिनाला माझ्यासमोर बसावं लागलं.

दोऱ्याला मेण लावता लावता ती एकदा म्हणाली, "मी विचारलं याला. एवढे वेल्डर आहेत वसईत, दिनेशच का?"

मी मान खाली घालून शिवत राहिले.

"म्हणाला, दुसरा चांगलं काम करेल आणि घरी जाऊन झोपेल. दिन्या झोपणार नाही. मला न झोपणारा पाहिजे." रेजिनाने दोरा दाताने तोडला. "त्याचं ठीक आहे. तो झोपेल त्या फळीवर. मला नाही जमायचं."

खरं होतं. दिनेश झोपत नव्हता. पहाटे उठून बघावं तर तो स्वयंपाकघरात कागदावर टेकूंचे कोन काढत बसलेला असायचा. आणि मी अंथरुणात पडून विचार करायची, की हा एकटाच का जागा राहतोय. तीन फोन तर मी केले होते. हे मी त्याच्याशीही कधी बोलले नव्हते. त्यानेही ते कधी तोंडातून काढलं नव्हतं, भांडणातसुद्धा नाही. त्याने एकदा तरी मला ते बोलून दाखवायला हवं होतं. राग आला असता, पण श्वास घेता आला असता.

---

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पंख तपासायचं ठरलं. दिनेशने अट घातली होती, की पास्कलच्या वजनाच्या तिप्पट भार पंखाने एक तास पेलला पाहिजे. रेतीच्या गोण्या भरून ठेवल्या होत्या. ऊन कलतं होतं. वाडीत कुठेतरी पंप चालू होता, त्याचा एकसुरी आवाज येत होता.

पहिली गोणी. पंख किंचित दबला आणि थांबला. दुसरी. तिसरी. दिनेश प्रत्येक गोणीनंतर खाली वाकून चारही सांधे बघत होता, बोट फिरवून बघत होता. चौथी. पास्कल खुर्ची जवळ ओढून बसला होता. मी आणि रेजिना ओट्याच्या कडेला.

पाचवी गोणी ठेवली आणि आवाज झाला.

मोठा नव्हता. सुपारी फुटावी एवढाच. मग पंखाची बाहेरची कड एका बाजूला वाकली, गोण्या सरकल्या आणि एकामागून एक धपाधप खाली आल्या. शेवटची फुटली. रेती पसरत पास्कलच्या पायापर्यंत आली.

दिनेश जिथे होता तिथेच बसला.   पास्कल कुबडीवर रेलत उठला, वाकता येत नव्हतं म्हणून ट्रॉलीला धरून तिरका झाला आणि टेकूच्या बुडाशी बघितलं.

"वेल्ड सुटला नाही," तो म्हणाला. "ये, बघ. वेल्ड आहे तसाच आहे. शेजारचं जुनं लोखंड फाटलंय. आतून गंजलेलं होतं."

"तू वर असतास तर वेल्ड सुटला की लोखंड फाटलं, काय फरक पडला असता?" दिनेश म्हणाला.

"दिन्या..."

"लोखंड ठोकून बघायचं काम कोणाचं होतं? माझं. मी वरून रंग बघितला आणि जोडला." तो उठला, मशीनची केबल गुंडाळायला लागला. "नाही जमायचं मला. मी सांगत होतो. माझ्या हातात आता ते राहिलं नाही. तेव्हाही माझीच चूक, आताही माझीच."

"तेव्हा तुझी एकट्याची नव्हती," मी म्हणाले.

माझा आवाज मला अनोळखी वाटला. दिनेशने वर बघितलं आणि तो हळूच म्हणाला, "गप बस."

मी गप बसले नाही. ओट्यावरून खाली उतरले, त्या सांडलेल्या रेतीत उभी राहिले आणि पास्कलला सांगितलं. तीन फोन. फ्रिज. आठला बंद होणारं दुकान. तिसऱ्या फोनवर काय बोलले तेही, शब्दन् शब्द. बोलताना मी त्याच्या वाकत नसलेल्या गुडघ्याकडे बघत होते, कारण तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

 पंप चालूच होता.

"फ्रिज?" पास्कलने विचारलं.

"हो."

"मी दीड वर्ष विचार करतोय," तो म्हणाला, अगदी सावकाश. "काहीतरी मोठं असेल. कोणी आजारी असेल. कोणाला हॉस्पिटलात नेलं असेल आणि हा सांगत नसेल. मी रेजिनाला पण सांगितलं, त्याचं काहीतरी असेल, उगाच नाही जाणार तो." आणि मग त्याचा आवाज चढला. त्याला मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "फ्रिज! माझा पाय एका फ्रिजसाठी?" ट्रॉलीवर ठेवलेला हातोडा उचलून त्याने केळीच्या बनात भिरकावला. पानं फाडत तो आत कुठेतरी पडला. "मला राग येत नाही असं वाटतं तुम्हाला? रोज सकाळी येतो. चर्चच्या पायऱ्या चढताना येतो. मोजे घालताना येतो. मी मोठ्या मनाचा माणूस नाही. मला फक्त माझं बाहेर जाणं परत पाहिजे."

दिनेश केबल हातात धरून उभा होता. मी तिथेच. मला वाटलं, आता संपलं. आता रेजिना म्हणणार, निघा.

रेजिना ओट्यावरून म्हणाली, "मी पण करायचे फोन."

आम्ही तिघांनी तिच्याकडे बघितलं.

"लवकर ये म्हणून. आई आलीय, ये. पाहुणे बसलेत, ये. मासे गार होतायत, ये." ती पास्कलकडे बघत होती, पण बोलत होती जणू स्वतःशीच. "आणि तू यायचास. काय काय अर्धवट टाकून आलास, ते मी कधी विचारलं का? कुणी पडलं नाही, एवढंच."

पास्कल कुबडी घेऊन घरात गेला. आम्ही मशीन तिथेच ठेवून निघालो. रिक्षात दिनेशने माझा हात धरला नाही. आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर त्याने हात पालथा ठेवला, मी त्यावर माझा ठेवला. निर्मळ गावाच्या बाजूने रेताळ वारा येत होता.  जेवताना तो म्हणाला, "तू सांगायला नको होतंस." थोड्या वेळाने म्हणाला, "मला कधी सांगता आलं नसतं."

तीन दिवस काहीच झालं नाही. मी ब्लाउज बिघडवले, एकीचा गळा उलटा कापला. दर वेळी फोन वाजला की मशीन थांबवायची. चौथ्या दिवशी सकाळी पास्कलचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"नवीन लोखंडी चॅनल आणलंय," तो म्हणाला. "कोरं. ट्रॉलीची चासी सगळी बदलायची. रविवारी ये. आणि हातोडा शोधायला लागेल, बनात पडलाय."

---

आज त्या दोघांकडे बघून कुणालाही वाटेल, जुने मित्र आहेत. तसं ते नाही. काही तरी गेलं ते गेलंच. पास्कलला अजून राग येतो. कधी कधी तो मधेच गप्प होतो, आणि दिनेश उठून बाहेर जाऊन उभा राहतो, तो निवळेपर्यंत. दोघांनी त्याला नाव दिलेलं नाही आणि तोडगाही काढलेला नाही. दिनेशने गेटवरचं काम सोडलं, आता तो आमच्या बाजूलाच ग्रील, दरवाजे, शेड अशी छोटी कामं करतो. कामाच्या वेळेत मी त्याला फोन करत नाही. घरात काही झालं, दूध संपलं, पाहुणे आले, तरी नाही. तो म्हणतो, कर गं, आता काही होत नाही. मी करत नाही.

माणसाने माणसाला माफ करावं म्हणजे नेमकं काय करावं, हे मला अजून कळलेलं नाही. लहानपणापासून ऐकत आले, की माफ केलं की मन मोकळं होतं. मी जे बघितलं ते वेगळं होतं. एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, मला तुझा राग आहे, आणि मला तुझं काम हवं आहे. आणि दुसऱ्याने ते काम केलं. दोघांनी मिळून एका संबंध मोसमात गंजलेलं एकेक लोखंड ठोकून बघितलं, कुठलं टिकेल आणि कुठलं टाकायचं. एवढंच. पण ते करताना मी त्यांचे चेहरे बघितलेत.

नवी चासी झाली. पंखाने तिप्पट भार एक तास नाही, पूर्ण दिवस पेलला. नाताळ झाला, आणि वर्षाच्या शेवटच्या रविवारी आम्ही चौघं निघालो. फार लांब नाही, कळंबपर्यंतच. पास्कलच्या भावाने जीप चालवली. पास्कल आणि रेजिना त्याच्याबरोबर, आणि आम्ही दोघं मागून स्कूटरवर, ट्रॉलीवर नजर ठेवून. प्रत्येक खड्ड्याला ट्रॉली उडायची आणि दिनेशचे खांदे वर जायचे. एका वळणावर ती जराशी डोलली. त्याने इतक्या जोरात ब्रेक दाबला की मी त्याच्या पाठीवर आपटले. ट्रॉली मात्र सरळ झाली आणि पुढे गेली.

कळंबला सुरूच्या झाडांखाली जागा बघितली. मासे सुकवणारी एक बाई कमरेवर हात ठेवून आमचं सगळं बघत होती. म्हणाली, "भरतीचं पानी इथवर येते. गाडी वर घ्या." आम्ही गाडी वर घेतली. भाऊ जीप घेऊन परत गेला. पंख उघडले, टेकू लावले, पाइपांच्या कमानी उभ्या केल्या आणि रेजिनाने आणि मी दोन बाजूंनी कॅनव्हास ओढला. शिवण ताणली गेली, वाऱ्याने फुगली, धरली.

दुपारचे चार वाजले असतील. समुद्र लांब होता, चकचकत होता.

पास्कल पंखाच्या कडेवर बसला. उंची बरोबर खुर्चीची. त्याने कुबडी आत ठेवली, दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून वर घेतला आणि हळूहळू आडवा झाला. त्याच्या पाठीखाली फळी होती, फळीखाली हवा होती, आणि हवेत दिनेशचे दोन हात होते. तो पंखाच्या खाली गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही तळवे फळीला लावून, जणू सगळा भार त्याच्याच मनगटांवर होता. कपाळावरची शीर दिसत होती.

"हात काढ," वरून पास्कल म्हणाला.

दिनेश हलला नाही.

"दिन्या, हात काढ."

"काढले."

"खोटं बोलू नकोस. फळीतून कळतंय मला."

रेजिनाने माझं मनगट पकडलं. तिची नखं रुतत होती. दिनेशने एक हात काढला. मग किती तरी वेळाने दुसरा. फळी जराशी करकरली आणि गप्प झाली. त्याचे हात तसेच अधांतरी राहिले, कुठे ठेवायचे ते न कळल्यासारखे. मग त्याने ते मांडीवर पुसले.

पास्कल वर तंबूच्या कापडाकडे बघत पडला होता. वारा आला, सुरूची झाडं सळसळली, पण पंख हलला नाही. बऱ्याच वेळाने त्याने अंग जरासं आत सरकवलं आणि कडेला जागा केली.

"आता तू ये वर," तो म्हणाला.

दिनेश खालीच होता. त्याने टेकूंकडे बघितलं, एकेका सांध्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी घाई केली नाही. त्याने चपला काढल्या, पायांची वाळू झटकली आणि फळीवर चढून पास्कलच्या शेजारी बसला, आपलं सगळं वजन टाकून.